नळाचा धिरा आणि ज्ञानू खोताचं चुलवाण

नळाची चावी फिरवली की पाणी येतं, एवढंच लोकांना ठाऊक असतं. ते येईपर्यंत जमिनीखाली काय चाललेलं असतं याचा विचार कोणी करत नाही, आणि करूही नये. त्यासाठीच आमच्यासारख्यांना नोकरीवर ठेवलेलं असतं. मी जन्मभर पाणीपुरवठ्याच्या कामावर ओव्हरसीअर होतो. आता मिरजेत घरी बसलोय. शेजारीपाजारी विचारतात, "मुजावरसाहेब, इतकी वर्षं तुम्ही नेमकं केलंत काय?" मी सांगतो, "पाण्याला धरून ठेवलं." त्यांना वाटतं, म्हातारा थट्टा करतोय.

थट्टा नाही. पाणी ढकलतं. आणि ढकलायला त्याला वाहावं लागतं असंही नाही. बंद नळात नुसतं दाबाखाली उभं असलं तरी ते ढकलतच असतं. ज्यांनी मोट बघितली आहे त्यांना हे चटकन कळेल. मोटेची कातडी सोंड वाकवून धरली आणि तिच्यात पाणी भरलं, की ती हातातून निसटून सरळ व्हायला बघते. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, नळही तेच करतो, फक्त तो कातड्याचा नसल्यामुळे आपल्याला दिसत नाही. नळ सरळ जातो तिथे काही भीती नसते. तो जिथे वळतो, जिथे त्याला फाटा फुटतो किंवा जिथे तो संपतो, तिथे आतलं पाणी त्याला बाहेर लोटत असतं. रात्रंदिवस, न थकता.

त्या काळी बिडाचे नळ एकमेकांत बसवून सांध्यात आधी तागाचा दोर ठोकायचा, मग वर वितळलेलं शिसं ओतायचं आणि ते थंड झालं की ठोकून घट्ट करायचं अशी रीत होती. हा सांधा गळत नाही. पण त्याला ओढलं तर तो धरूनही ठेवत नाही, हळूहळू सुटतो. म्हणून वळणाच्या पाठीशी काँक्रीटचा एक मोठा ठोकळा घालायचा. ड्रॉइंगवर त्याला थ्रस्ट ब्लॉक म्हणत. आमचे गवंडी म्हणत 'धिरा'. मोडकळीला आलेल्या भिंतीला लाकडाचा धिरा देतात ना, तसा. मला गवंड्यांचाच शब्द आवडतो.

नोकरीला लागलो तेव्हा हे सगळं मी पाठ केलेलं होतं. पण पाठ केलेलं आणि पटलेलं यात फरक असतो. पहिल्यांदा पटलं ते लोणंदच्या बाजूला. नवी लाइन टाकून झाली होती आणि हातपंपाने दाब चढवून तिची परीक्षा चालू होती. नळाच्या शेवटाला बिडाचं झाकण बसवून त्याला लाकडी ओंडक्याचा टेका दिला होता. नळात कुठेतरी हवा कोंडली होती, आणि दाबलेली हवा सुटली की बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. माणसं भाकरी खायला झाडाखाली जाऊन बसली, आणि तेवढ्यात टेका निसटला. आवाज झाला म्हणून वळून पाहिलं तर झाकण जागेवर नव्हतं. ते पलीकडच्या बाभळीच्या बुंध्यात अर्धं रुतून बसलं होतं. त्या नळासमोर सकाळभर बसून ज्याने शिसं ठोकलं होतं त्या मिस्त्रीच्या हातातली भाकरी गळून पडली. नंतर बराच वेळ तो त्या बाभळीला हात लावून उभा होता.

पण मी सांगणार आहे ती गोष्ट वेगळी आहे. ती ज्ञानू खोताची आणि त्याच्या धाकट्या भावाची आहे.

बेचाळीसच्या चळवळीनंतरचे दिवस होते. महायुद्ध चालू होतं. सातारा जिल्ह्यात तारा तोडल्या जात होत्या, चावड्यांवर हल्ले होत होते, भूमिगत माणसं उसाच्या फडांतून हिंडत होती आणि त्यांच्या मागे पोलीस. मी कृष्णाकाठच्या एका गावच्या पाणी योजनेवर होतो. कराडकडून मिरजेकडे जाणारी आगगाडी त्या गावाजवळून जायची, एवढं सांगून गावाचं नाव ठेवून देतो. योजना साधी होती. नदीवर पंप, तिथून रस्त्याच्या कडेने बारा इंची बिडाची लाइन आणि गावामागच्या टेकडीवर टाकी. लाइन रस्त्याने सरळ येऊन खोतांच्या मळ्याच्या कोपऱ्यावर काटकोनात वळायची आणि टेकडीकडे जायची. त्या वळणावर, जमिनीखाली, माणसाच्या छातीएवढा उंच धिरा होता. तो मी तिथे येण्याच्या आधीच बांधलेला होता आणि चांगला बांधलेला होता. आमचे इंजिनिअर बर्वेसाहेब पुढे त्याचा हिशेब पुन्हा करून बघणार होते, आणि त्यात त्यांना एक चूक सापडणार नव्हती.

युद्धामुळे पंपाचं तेल मोजून मिळायचं. त्यामुळे पंप सलग चालवता येत नसे. दिवसातून कितीदा तरी बंद करायचा, कितीदा तरी चालू करायचा. दर वेळी चालू करताना लाइनला धक्का बसे. टेकडीवर टाकीशी उभं राहिलं तर तो धक्का तळपायाला कळायचा.

त्या हिवाळ्यात ज्ञानूने गुऱ्हाळ मळ्याच्या त्या कोपऱ्यावर हलवलं. रस्त्याला लागून होतं, गाडीत गुळाच्या ढेपा भरायला सोपं. गुऱ्हाळ ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: उसाचा रस मोठ्या काहिलीत आटवतात, आणि काहिलीखाली जमिनीत खोल खड्डा खणून भट्टी केलेली असते. तिला चुलवाण म्हणतात. एक माणूस त्या खड्ड्याच्या तोंडाशी खाली उतरून बसतो आणि दिवसभर उसाची वाळकी चिपाडं आत सारत राहतो. ज्ञानूने स्वतःच्या मळ्यात, स्वतःच्या जमिनीत चुलवाण खणलं. आमचा धिरा रस्त्याच्या हद्दीत. दोघांच्या मध्ये हातभर मातीची भिंत राहिली. कोणाला काही माहीत नव्हतं.

त्या दुपारी मी आणि बर्वेसाहेब टाकीवर होतो. खाली मळ्यात गुऱ्हाळाचा धूर दिसत होता. पंप चालू झाल्याचा नेहमीचा धक्का पायाला जाणवला. नंतर लगेच दुसरा, तसा कधी जाणवला नव्हता. खालून धडाका आला आणि गुऱ्हाळाच्या जागी पांढऱ्या वाफेचा एक खांब उभा राहिला. त्यात काळा चिखल, चिपाडं, लाकडं वर जाताना दिसली. मग छप्पर खाली बसलं.

बर्वेसाहेब पुण्याचे, शांत स्वभावाचे. त्यांचा चेहरा पांढरा पडला. हळू आवाजात म्हणाले, "मुजावर, बाँब."

मलाही तेच वाटलं. त्या दिवसांत दुसरं काय वाटणार? पण टाकीत बघितलं तर पाणी भराभरा खाली जात होतं. टाकीतलं सगळं पाणी टेकडीवरून त्या कोपऱ्यात धावत होतं. आम्ही दोघांनी व्हॉल्व्हचं चाक धरलं. ते चाक पुष्कळ फेरे घेतं. फिरवता फिरवता खालून बायकांचा आरडाओरडा ऐकू येत होता, आणि आम्हाला मान वर करून बघायलाही सवड नव्हती.

खाली पोचलो तेव्हा कोपऱ्यावर तळं झालं होतं. काहील पालथी पडली होती. बैल दावी तोडून पळाले होते. म्हातारा गुळव्या, म्हणजे रस आटवणारा, भाजलेले दोन्ही हात पुढे धरून नुसता उभा होता. आणि चिखलात ज्ञानूचा धाकटा भाऊ शिवा पडला होता.

शिवा पलटणीतला. आफ्रिकेच्या वाळवंटात लढून सुट्टीवर आलेला. घरी बसवत नाही म्हणून त्या दिवशी चुलवाणात उतरून जाळ घालत होता. आत शिरलेल्या पाण्यानेच त्याला खड्ड्याच्या तोंडातून बाहेर फेकलं होतं, म्हणून तो जिवंत होता. पण काहिलीतला उकळता रस दोन्ही पायांवर आला होता. एका कानातून रक्त येत होतं. आणि तो माणूस त्या अवस्थेत ओरडत होता, तेही छावणीतल्या हिंदीत, "लेट जाव, सब लेट जाव." मध्येच मराठीत, "बाँब हाय, दुसरा बी पडंल, झोपा खाली."

आणि लोक खरंच झोपले. चिखलात, पोरंबाळं छातीशी धरून. ज्ञानू तेवढा झोपला नाही. तो भावाच्या डोक्याशी बसून त्याच्या तोंडावरचा चिखल पंच्याने पुसत होता आणि म्हणत होता, "गप रं शिवा. न्हाई रं. काय न्हाई, गड्या."

पोलीस गावच्या शाळेतच मुक्कामाला होते, ते लगेच आले. फौजदार जाधव पुढे होता. त्याने शिवाचे शब्द ऐकले, तिथेच जबाब लिहून घेतला, आणि शिवाला आगगाडीने मिरजेच्या इस्पितळात पाठवायची व्यवस्था केली. मग ज्ञानूला बेड्या घातल्या.

पोलिसांचं म्हणणं सरळ होतं. या ज्ञानूवर भूमिगतांना भाकरी घालत असल्याचा संशय आधीपासून होता. त्याने चिपाडांच्या ढिगात बाँब दडवून ठेवले, उष्णतेने ते उडाले, आणि त्यात सरकारी पाण्याची लाइन फुटली. साक्षीदार कोण, तर सरकारच्या पलटणीतला शिपाई, त्याचाच सख्खा भाऊ. याहून भक्कम खटला कुठला?

आम्ही तिथे पाणी उपसायला लागलो तेव्हा पोलिसांनी अडवलं. पुरावा हलवायचा नाही म्हणाले. पण गाव पाण्यावाचून होतं, म्हणून अखेर परवानगी मिळाली. पाणी ओसरलं, चिखल काढला, काहील बाजूला केली. आणि मी जे बघितलं ते आजही डोळ्यांसमोर आहे. आमचा धिरा चुलवाणात होता. अख्खा. त्याला एक तडाही गेलेला नव्हता. एखादा हत्ती डबक्यात उतरून बसावा तसा तो त्या खड्ड्यात जाऊन कलंडला होता. शिवा जिथे बसला होता, नेमका तिथे.

बर्वेसाहेब खड्ड्यात उतरले. बेंडावरून, म्हणजे नळाच्या वळणाच्या वाकड्या तुकड्यावरून, हात फिरवला, सांध्यातून निघून आलेलं शिशाचं कडं उचललं, आणि मला दाखवलं. कडं गुळगुळीत होतं. बेंडही कुठे फुटलं नव्हतं.

"बाँबने बिडाचे तुकडे होतात, मुजावर," ते म्हणाले. "याचा एक टवकाही उडालेला नाही. नळ फुटला नाही, सुटून आलाय. बाँबमुळे पाणी आलं नाही. पाणी आलं, तोच हा धडाका. तापलेल्या चुलवाणात पाणी शिरलं की आणखी काय होणार?"

 मला पाण्याचं ढकलणं माहीत होतं, बाभळीत रुतलेलं झाकण मी बघितलं होतं. तरी एवढा धिरा, जो उचलायला आम्हाला पुढे तिपाई उभारून साखळ्या लावाव्या लागल्या, तो पाण्याने सरकवून खड्ड्यात लोटला हे डोळ्यांनी बघूनही मन घेत नव्हतं. मला पटत नव्हतं तर फौजदाराला कसं पटावं?

जाधव वाईट माणूस नव्हता. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बर्वेसाहेब, तुम्ही शिकलेले आहात, खोटं कशाला बोलाल? पण मी वर काय कळवू? एक शिपाई म्हणतो बाँब. तुम्ही म्हणता पाणी. पाण्याने दगड हलवला असं लिहिलं तर मला वेड्यांच्या इस्पितळात टाकतील. तिकडे तो खोत बोलत नाही. माझी माणसं त्याला बोलतं करायला बघतायत."

"म्हणजे?" बर्वेसाहेबांनी विचारलं.

जाधवाने शाळेकडे बघितलं.

बर्वेसाहेबांनी टोपी काढून पुन्हा घातली. म्हणाले, "मी दाखवलं तर? तुमच्या डोळ्यांसमोर, आणि हात तुमचेच लावून?"

"दाखवा," जाधव म्हणाला. "पण लवकर दाखवा. वरचे साहेब आले की हे प्रकरण माझ्या हातात राहणार नाही."

पंपघराच्या मागे मोकळी जागा होती. तिथे आम्ही चर खणला आणि शिल्लकेतले दोन नळ आणि एक बेंड शिसं ओतून जोडले. नळांची बाहेरची टोकं झाकणांनी बंद करून त्यांना चराच्या भिंतीशी पक्के टेके दिले. बेंडाच्या पाठीशी घडीव दगड रचले आणि ते मागच्या न खणलेल्या मातीला घट्ट भिडवले. नळ भरले, हवा काढली, हातपंप जोडला, दाब दाखवणारं घड्याळ लावलं.

जाधव आला, आणि त्याने बरोबर ज्ञानूला आणलं होतं. म्हणाला, "खड्डा याच्या चुलवाणाएवढाच आहे की नाही ते यानेच सांगावं. नाहीतर उद्या कोणी म्हणेल, इंजिनिअरने आपल्या सोयीचा खणला." ज्ञानू खाली मान घालून उभा होता. बेडीमुळे त्याला पंचाही नीट सावरता येत नव्हता.

आधी नुसताच दाब चढवला. जाधवाने कोट काढला आणि पंपाचा दांडा स्वतः धरला. घड्याळाचा काटा चढत गेला. लाइनीत पंप चालू होताना जेवढा दाब येतो तिथपर्यंत गेला. दगड हलले नाहीत. एक खडा पडला नाही.

"बघा, हलत नाही," जाधव म्हणाला.

"हलायचं नाहीच," बर्वेसाहेब म्हणाले. "मागे माती आहे. आता दाब उतरवू आणि ती काढू."

मजुरांनी दगडांच्या मागे खड्डा खणला. बर्वेसाहेबांनी ज्ञानूला विचारलं, "इतकाच?"

ज्ञानू पुढे आला, वाकून बघितलं. "आनिक वाईच खोल. आन तोंडाकडं रुंद." मग थांबून म्हणाला, "सायब, ह्यात जाळ पाहिजे. आमची भित पाक भाजून निघालीवती."

खरं होतं ते. भाजलेली माती विटेसारखी कडक होते, पण ओल गेल्यामुळे तडकतेही. बर्वेसाहेबांनी त्याच्याकडे नीट बघितलं आणि खड्ड्यात चिपाडं पेटवायला सांगितलं. दिवसभर जाळ घातला. उन्हं उतरायला लागली तेव्हा निखारे बाजूला ओढले आणि जाधवाने पुन्हा दांडा धरला.

काटा चढायला लागला.  पंपाच्या दांड्याची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. पहिल्यांदा मातीच्या भिंतीवर केसासारखी एक रेघ उमटली. मग तिच्या शेजारी दुसरी. वरची धूळ खाली गळायला लागली. जाधव दांडा मारतच होता, त्याला खड्ड्यातलं दिसत नव्हतं. काटा मघाच्या जागेपर्यंत गेलाही नव्हता, तोवर दगड सरकायला लागले. एकदम नाही. मेंढरं पुढे सरकतात तसे, एकमेकांना रेटत. शिशाचं कडं सांध्यातून बोटभर बाहेर आलं, पाण्याची चिळकांडी उडाली, आणि भिंत, दगड, बेंड असं सगळं खड्ड्यात जाऊन पडलं. राखेतून वाफ उठली. सगळे शिपाई एकदम मागे सरले.

जाधवाच्या हातातला दांडा हलका झाला होता. त्याने खड्ड्यात बघितलं. पडलेल्या दगडांपैकी एकेक दगड उचलायला दोन-दोन माणसं लागली होती. मग त्याने स्वतःच्या तळहातांकडे बघितलं.

"हे मी केलं?" तो म्हणाला.

"तुम्ही आणि पाण्याने," बर्वेसाहेब म्हणाले. "नळात कोंडलेलं पाणी तुमच्या हाताचा जोर शंभरपट करून पलीकडे पोचवतं."

ज्ञानू खड्ड्याच्या काठावर उभा होता. त्याने बर्वेसाहेबांना विचारलं, "म्हंजी सायब, त्यो नळ माज्या मातीवर टेकला हुता?"

"हो."

"नळ बसवल्यापासनं?"

"हो."

"आन माजी माती त्येला धरून हुती." त्याने पायाशी पडलेलं एक ढेकूळ उचललं. "मला ठावंच न्हाई. म्हाईत असतं तर म्या तिथं कुदळ लावली असती व्हय?"

  ड्रॉइंगमध्ये धिरा होता, त्याची लांबी-रुंदी होती. त्याच्या मागे नुसती तिरप्या रेघा मारून 'मूळ जमीन' असं लिहिलेलं होतं. ती मूळ जमीन कोणाची तरी असते, तिच्यात कोणी तरी ऊस लावतो, गुऱ्हाळ घालतो, हे कोणाच्या मनातच आलं नव्हतं. धिरा सरकारी हद्दीत होता, म्हणून खोताला कोणी विचारलं नाही. आणि त्याला काही विचारलं नाही, म्हणून कोणी सांगितलंही नाही.

जाधवाने कोट अंगात घातला. "मग गुन्हा कोणावर लावू?" असं तो स्वतःशीच पुटपुटला आणि शिपायाला बेडी काढायला सांगितली.

तुटलेली लाइन आम्ही पुन्हा जोडली, पण या वेळी नुसत्या धिऱ्यावर भरवसा ठेवला नाही. सिमेंट मिळत नव्हतंच. बर्वेसाहेबांनी गावच्या लोहाराकडून जाड लोखंडी पट्टे करून घेतले. बेंडाच्या दोन्ही बाजूंच्या नळांना, मागे कित्येक सांध्यांपर्यंत, ते पट्टे गळपट्ट्यासारखे आवळले आणि सळयांनी एकमेकांना जखडले. म्हणजे वळण सुटायला बघेल तेव्हा मागचे सगळे नळ त्याला ओढून धरतील, आणि मागच्या नळांना त्यांच्याभोवतीची दाबून बसवलेली माती धरील. तो उपाय बर्वेसाहेबांना आधीपासून माहीत होता, पण लोखंडाच्या टंचाईत धिरा परवडायचा. धिरा पुन्हा घातला तो वेगळा. आणि त्याच्यामागे खणू नये म्हणून मळ्याच्या हद्दीवर एक दगड रोवला, तोही ज्ञानूला दाखवून, त्याच्या हाताने. पुढे मी जिथे जिथे काम केलं तिथे धिऱ्यामागची जमीन कोणाची आहे हे आधी विचारलं. वरिष्ठ हसायचे. मी विचारायचं सोडलं नाही.

दुरुस्ती चालू असतानाच बर्वेसाहेब मला म्हणाले, "मुजावर, तुम्ही मिरजेचे. खोताला त्याच्या भावाकडे घेऊन जा. एकटा गेला तर इस्पितळात त्याला कोणी दाद देणार नाही."

आगगाडीत ज्ञानू माझ्यासमोर बसला होता. ताकारी स्टेशन मागे गेलं. मग खिडकीबाहेर बघत तो म्हणाला, "शिवा माझं तोंड बघनार न्हाई, मुजावरसायब."

"का? तुम्ही काय केलंत?"

"त्यो आल्यापास्नं आमची भांडनं चालली हुती. व्हय, मी भाकरी घालतो त्या पोरांना. रातीचं येत्यात, उपाशी असत्यात. शिवाला त्ये आवडत न्हवतं. आन मला त्याचा खाकी डगला आवडत न्हवता. त्या दिसाच्या आदल्या सांजंला म्या त्याला बोललो, ह्यो डगला काडून ये, न्हाईतर माझ्या घरात ऱ्हाऊ नको. दुसऱ्या दिशी त्यो चुलवाणात उतारला, आन त्ये झालं." त्याने माझ्याकडे बघितलं. "आता काय वाटत आसंल त्याला, सांगा की."

भावानेच आपला जीव घ्यायला बाँब ठेवला असं शिवाला वाटत असेल, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. शिवाच्या जबाबाने भाऊ तुरुंगात गेला, एवढंच मी धरून चाललो होतो.

इस्पितळात शिवा भिंतीकडच्या खाटेवर होता. दोन्ही पाय मांडीपर्यंत पट्ट्यांत. एक कान गेला होता, त्यामुळे मोठ्याने बोलावं लागे आणि सगळा वॉर्ड ऐकायचा. ज्ञानूला बघून त्याने मान भिंतीकडे फिरवली.

मी खाटेच्या भिंतीकडच्या बाजूला शिरलो, त्याच्या चांगल्या कानाशी वाकलो आणि सांगायला लागलो. नळ, वळण, धिरा, मातीची भिंत. हातांनी दाखवलं. फौजदाराने पंप कसा मारला, दगड कसे सरकले, ते सांगितलं. तो ऐकत होता की नाही कळत नव्हतं. शेजारच्या खाटांवरचे रोगी मात्र उठून बसले होते.

माझं संपलं. शिवाचे डोळे मिटलेले होते. ते न उघडताच तो म्हणाला, "दारूचा वास न्हवता."

"काय?"

"तकडं लय बाँब बघितलं म्या. फुटला की दारूचा वास येतो, नाकात बसतो. हितं आला न्हाई. नुसता गुळाचा वास." त्याने डोळे उघडले. "मला हितं पडल्या पडल्या त्योच इचार येत हुता, वास का न्हाई आला. पर म्हनलं, आपल्यावर आपल्याच मानसांनी टाकल्याला बाँब हाय, त्याचा येगळा आसंल वास."

ज्ञानू मागे उभा होता. त्याने तोंडावर पंचा धरला.

"कुनी टाकला न्हाई तर," शिवा म्हणाला. हे त्याने विचारलं नव्हतं, स्वतःला सांगितलं होतं. पुन्हा एकदा म्हणाला, "कुनी टाकला न्हाई." मग त्याने मान वळवली आणि पहिल्यांदा भावाकडे बघितलं. ज्ञानू खाटेपाशी आला आणि फरशीवर बसायला लागला, पण त्याला सरळ बसता येईना. एक हात भिंतीला टेकून, पाय बाजूला घेत तो हळूहळू खाली बसला. त्याचे तळपाय सुजून काळेनिळे पडले होते. आगगाडीत त्याने ते सारा वेळ बाकाखाली ओढून धरले होते, ते आत्ता माझ्या लक्षात आलं.

शिवाने ते बघितले. पलटणीतला माणूस, त्याला मार ओळखता येत होता.

"दादा, पायाला काय झालं?"

"काय न्हाई," ज्ञानू म्हणाला. "टेसनापास्नं चालत आलो न्हवं का."

स्टेशनापासून आम्ही टांग्याने आलो होतो.  शिवाने खाटेवरून हात खाली सोडला आणि भावाच्या सुजलेल्या पावलावर ठेवला. नर्स येऊन भेटायची वेळ संपली म्हणेपर्यंत तो हात त्याने काढला नाही.